सातवा रकाना

मास्तरकीत शिकवण्यापेक्षा मोजण्याचं काम जास्त असतं, हे मला लातूरला आल्यावर पहिल्याच वर्षी कळलं. मतदार मोजा, कुटुंबं मोजा, शाळेत न येणारी पोरं मोजा, संडास मोजा. सरकारला मोजण्याची हुक्की आली की हाताशी मास्तर असतोच. मी मूळचा मुखेडचा. आमच्या संस्थेची एक शाळा लातूरला आणि एक नांदेडला. लातूरच्या शाळेत लागलो आणि सहा महिन्यांच्या आत कसल्याशा पाहणीचे कागद बगलेत मारून मिलमागं गेलो. तिथं मैनोद्दीन पेंटर भेटले.

मिलमागं हे वस्तीचं नाव. ती डाळ मिलच्या मागं आहे, याहून जास्त विचार नाव ठेवताना कुणी केला नसावा. मिल अजून चालते. तुरीच्या टरफलांची पिवळट धूळ वस्तीतल्या पत्र्यांवर, दोरीवरच्या कपड्यांवर आणि माणसांच्या भुवयांवर बसते. पण पूर्वी जिथं वस्तीतल्या बायका ओळीनं बसून डाळ निवडायच्या, तिथं आता एक मशीन आहे. तिला डोळे आहेत म्हणतात. काळा दाणा दिसला की ती फुंकर मारून बाजूला उडवते. त्या फुंकरीत दाण्याबरोबर बायकाही बाहेर पडल्या. पुरुषांची हमाली आधीच निम्म्यावर आली होती आणि बांधकामावर बाहेरच्या टोळ्या येत होत्या. सकाळी अकरा वाजता त्या गल्लीत जेवढी माणसं घरी सापडायची, तेवढी मला मुखेडला रविवारीही सापडली नसती. पाहणीच्या दृष्टीनं ही मोठीच सोय होती.

माझ्या तक्त्यात सातवा रकाना 'व्यवसाय' असा होता. "काय करता?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं. "बसूनच हाय." मालक बसून, थोरला बसून, धाकटा बारावी होऊन बसून. मी 'बेरोजगार' असं लिहीत गेलो. चार-पाच घरांनंतर हात दुखायला लागला, तेव्हा खाली नुसत्या दोन-दोन उभ्या रेघा मारू लागलो. म्हणजे वरीलप्रमाणे.

सहाव्या का सातव्या घराच्या ओट्यावर एक उंच, वाळकासा म्हातारा बसला होता. पांढरा पूर्ण बाहीचा सदरा, मनगटापर्यंत बटणं लावलेली. त्याच्या समोर उभा राहून मी लिहीत होतो, म्हणजे कागद त्याला उलटा दिसत होता.

"काय लिहूलालाव, सर?"

"व्यवसाय."

"अन् ह्या दोन रेघा, हे कुणाचा व्यवसाय?"

उलटा कागद याला कसा वाचता आला, हे मला कळेना. पुढं कळलं. दुकानाच्या काचेवर आतल्या बाजूनं नाव रंगवायचं तर अक्षरं उलटी काढावी लागतात, आणि चाळीस वर्षं उलटं लिहिलेल्या माणसाला कागद कुठूनही वाचता येतो. त्या वेळी मात्र मला राग आला. ऊन झालं होतं आणि अजून अख्खी गल्ली बाकी होती.

"सगळे बसून आहेत म्हणतात. मी काय करू?"

"बसून कोण असतंय ओ? मयतीला बसतेत, पंगतीला बसतेत. स्टँडवर उदगीरच्या गाडीची वाट बगणाऱ्याला बसून हाय मनता का तुम्ही? थांबलेत हे लोक." मग मागं वळून हाक, "ए दत्तू! शेवटचं काम काय केलास रे?"

दत्तू नावाचा एक इसम बनियनवर बाहेर आला. शेवटचं काम चिंचा झोडपायचं केलं होतं, मागच्या उन्हाळ्यात.

"लिहा सर, चिंचा झोडपणे."

"अहो, हा काय व्यवसाय झाला?"

"तुम्ही चढून दाखवा चिंचेवर, मग सांगा."

त्या दुपारी मैनोद्दीन पेंटरांनी माझा अख्खा तक्ता बदलून घेतला. मी नवा कागद काढला, त्यांच्या घरचा चहा प्यालो आणि ते सांगतील ते लिहीत गेलो. हमाल (डाळ मिल), गवंड्याच्या हाताखालचा, बँडमध्ये ताशा वाजवणारा, डाळ निवडणारी, डाळ निवडणारी, डाळ निवडणारी. तिथंही मला उभ्या रेघा मारायच्या होत्या, पण धीर झाला नाही. संध्याकाळी कचेरीत बेरीज झाली, तेव्हा लातूर शहरात एकही बेरोजगार नसलेली एकच गल्ली निघाली आणि ती मिलमागची होती. साहेबांनी आधी तक्त्याकडं पाहिलं आणि मग बराच वेळ माझ्याकडं पाहिलं.

तिथून आमची ओळख झाली. ते मला 'सर' म्हणत आणि मी त्यांना मैनुभाई.

मैनुभाई मूळचे उदगीरचे. तिथं वीरभद्र अप्पा नावाच्या पेंटरच्या हाताखाली ते शिकले. उदगीरच्या अडत्यांच्या दुकानांवर मराठी, उर्दू आणि कानडी अशा तीन लिपींत पाट्या लागायच्या आणि अप्पांना तिन्ही यायच्या. मैनुभाईंची शाळा चौथीत सुटली होती, तीही उर्दूतली. पण मराठी शुद्धलेखनात त्यांनी मला अनेकदा पाडलं आहे, हे मी मराठीचा शिक्षक असून सांगतो. अप्पांनी व्याकरण शिकवलं नव्हतं, अक्षरांचे स्वभाव शिकवले होते. "शेवटचा उकार दीर्घ," मैनुभाई सांगत. "अप्पा मनायचे, दिवसभर काम करून आलेलं माणूस शेवटी पाय पसरतंय का न्हाई? तसंच हे. शब्दाच्या मधी पाय आखडून बसायचं, शेवटी पसरायचं." मी पुढं वर्गात हा नियम असाच शिकवला. पोरांच्या तो लक्षात राहिला, पुस्तकातला राहिला नव्हता.

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात एक पेन आणि एक चपटा ब्रश असे, दुसरी माणसं कंगवा ठेवतात तसा. कपड्यावर रंगाचा थेंब कधी दिसला नाही. "डाग पडलेला पेंटर म्हंजे ताटाभाईर जेवणारं माणूस," असं ते म्हणत. लिहिताना उजव्या हाताची करंगळी पुढं काढून ती कागदावर टेकवत आणि बाकीचा हात त्या करंगळीवर तोलत. रंग ओला असताना भिंतीला हात लागू नये म्हणून लागलेली ती सवय. बॉलपेननं लिहितानाही करंगळी बाहेर यायचीच.

चुकीची पाटी त्यांना सोसत नसे. रस्त्यानं चालताना थांबायचे आणि पेन काढून दुरुस्ती करायचे. गिरणीवाल्याचा दीर्घ 'गी' त्यांनी ऱ्हस्व केला, डॉक्टरच्या दारावरचा शब्द नीट केला. मिलच्या भिंतीवर कुणीतरी विटेच्या तुकड्यानं 'येथे लघवी करु नये' असं लिहिलं होतं. मैनुभाई तिथं वीट घेऊन 'रु'चा 'रू' करत असताना दत्तूनं पाहिलं.

"चाचा, लोकं तिथं मुतूलालेत अन् तुम्ही उकार काय बगूलालाव?"

"मुतणाऱ्याचं मी काय करू? लिहिणाऱ्याचं तरी नीट होऊ दे."

फ्लेक्स आला तेव्हा मैनुभाईंचं काम गेलं. हळूहळू वगैरे नाही. एका दिवाळीला नव्या दुकानांच्या पाट्या रंगवायला दिवस पुरत नव्हता आणि पुढच्या दिवाळीला एकही पाटी नव्हती. ते याबद्दल फारसं बोलत नसत. एकदाच त्यांनी नांदेडची गोष्ट सांगितली. त्यांच्या मेव्हण्यानं नांदेडला एका फ्लेक्सवाल्याकडं त्यांची सोय लावली होती. काम सोपं होतं. गिऱ्हाइकाचा मजकूर घ्यायचा, कंप्युटरवरच्या पोरीला द्यायचा, छापून आलं की गुंडाळी करून द्यायची. मैनुभाई चौथ्या दिवशी परत आले.

"काय झालं?"

"कुण्या पुढाऱ्याचा वाढदिवस होता. मजकूर आला, 'हार्दीक शुभेच्छा'. दी दीर्घ. मी मनलं, दुरुस्त करतो. ते पोरगं मनलं, साहेबांनी पास केलंय, असंच छापा. मी मनलं, साहेबांचा वाढदिवस हाय, अक्षराचा न्हाई. मालक मनला, चाचा, छापून टाका. मी मनलं, मग माझा हात लावत न्हाई."

"मग?"

"मग काय? छापलं की. चौकात लागलं. एवढं मोठं, दोन मजली. मी त्येच्याखालनंच स्टँडवर गेलो, लातूरची गाडी धरलो."

हसावं की नाही, मला कळेना. घरी बायको वाट पाहत होती, काम मिळालं म्हणून तिनं शेजारी साखर वाटली होती, आणि हे एका वेलांटीवरून परत आले होते. त्यांच्या बायकोला, जैनबभाभींना, मी पुढं कधी विचारलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "क्या करते सर, उन का दिमाग उन के हात में है."

पाट्या गेल्या पण अक्षर होतं. वस्तीतले लोक मैनुभाईंकडून अर्ज भरून घेऊ लागले. रेशनचे, दाखल्यांचे, नोकरीचे, योजनांचे. ओट्यावर बसून ते भरून देत. बदल्यात कुणी चहा आणे, कुणी मेथीची जुडी, बरेचजण काहीच नाही. व्यवसायाचा रकाना कुठल्या अर्जात चौथा असे, कुठल्यात अकरावा, पण माझ्या त्या तक्त्यापासून मैनुभाई त्याला सातवाच म्हणत आणि पुढं सगळी गल्ली म्हणू लागली. "चाचा, सातव्यात काय लिहिलाव माझं?" अशी चौकशी होई. मैनुभाई वाचून दाखवत. ऐकणारा माणूस जरा ताठ उभा राहत असे, हे मी स्वतः पाहिलं आहे. 'बसून' किंवा 'काही नाही' असं मैनुभाईंच्या हातून त्या रकान्यात कधी उतरलं नाही.

याच हट्टापायी त्यांच्या हातून एक चूक झाली आणि ती दुसऱ्या कुणाच्या हातून झालीच नसती.

सुमनबाई नावाची एक विधवा बाई गल्लीच्या तोंडाशी राहायची. मिलमध्ये निवडणाऱ्या बायकांत तिचा हात सगळ्यांत साफ, असं सगळे सांगत. काम गेल्यावर ती इकडंतिकडं भांडी घासून दोन पोरी शिकवत होती. त्या वर्षी बिनकामाच्या गरजू महिलांना शिलाई मशीन देण्याची एक योजना आली. सुमनबाईनं तिशीत शिवण शिकून घेतलं होतं, मशीन तेवढी नव्हती. तिनं मैनुभाईंकडून अर्ज भरून घेतला. मैनुभाईंनी सातव्या रकान्यात आपल्या सुरेख अक्षरात लिहिलं, 'डाळ निवडणे (कुशल)'.

यादी लागली. गल्लीतल्या ज्या बायकांनी दुसरीकडून अर्ज भरून घेतले होते, त्यांची नावं होती. सुमनबाईचा अर्ज परत आला. वर लाल शाईत शेरा होता, 'अर्जदार व्यवसाय करीत आहेत'.

ती भर दुपारी कागद घेऊन ओट्यापाशी आली. शनिवारची शाळा सुटल्यावर मी तिथंच टेकलो होतो. ती ओरडली नाही.

"चाचा, माझा व्यवसाय कुठं चालूलालाय तेवढं दावा मला. मी जाऊन हजर होते."

मैनुभाईंनी कागद हातात घेतला. स्वतःचंच अक्षर ते पुन्हापुन्हा वाचत राहिले.

"चूक झाली, माय."

"चूक तुमची झाली. मशीन माझी गेली."

दुसऱ्या दिवशी ते तिला घेऊन त्या कार्यालयात गेले. हा व्यवसाय तिचा आहे, पण तो आता नाही, म्हणजे येतो पण चालत नाही, असं समजावू लागले. तिथल्या माणसानं पुढच्या वर्षी या म्हणून सांगितलं. पुढच्या वर्षी ती वयाच्या अटीत बसत नव्हती. ते मैनुभाईंना तिथंच, उभ्या उभ्या कळलं असणार, कारण वयाचा आकडाही त्यांनीच लिहिला होता.

मला त्यांचा रागच आला होता. दुसऱ्याच्या मशीनवर स्वतःचा ताठा शिवायचा अधिकार यांना कुणी दिला? पण बोलायची गरज नव्हती. चार-पाच दिवस मैनुभाई ओट्यावर आले नाहीत. दार लोटलेलं असायचं आणि आतून भाभींचा आवाज यायचा, "लोगां आके जा रहे, सुनते क्या?"

परत बसले तेव्हा त्यांनी नवी रीत काढली होती. अर्ज हातात घेतला की आधी विचारायचे, "कागद मागायचा हाय का सांगायचा?" कुणाकडून काही मिळवायचं असेल तर तो मागायचा कागद. त्यात सातव्या रकान्यात 'काही नाही'. नुसतीच माहिती असेल, पोराच्या शाळेचा दाखला असेल, लग्नाची नोंद असेल, तर तो सांगायचा कागद. त्यात माणसाला जे येतं ते. "मागताना हात रिकामाच दिसला पायजे, सर," ते म्हणाले. "मला एवढं कळाया नको होतं का?" मागायच्या कागदावर ते भराभर लिहीत, करंगळीसुद्धा न टेकवता. सांगायच्या कागदाला वेळ लावत.

मग त्यांची स्वतःची पाळी आली. पासष्टी उलटली. मुलगा नव्हता, एकुलती लेक निलंग्याला दिलेली, तिचंच जेमतेम. भाभी गोधड्या शिवून घर ओढत होत्या, पण शुगरनं त्यांची नजर उतरली. गल्लीतले सगळे सांगू लागले, निराधारचा अर्ज करा, महिन्याच्या महिन्याला काहीतरी येत राहील. मैनुभाई थट्टेवारी न्यायचे. "आधार कार्ड लागतंय मनतेत त्येला. आधार असल्याबिगर निराधार होता येत न्हाई, बगा." अर्ज आणला होता. दाखले जोडले होते, फोटो चिकटवला होता. पण तो अर्ज ब्रशांच्या डब्याखाली कोराच पडून राहिला. एक पावसाळा गेला, दुसरा गेला.

"सारी दुनिया का लिखते," भाभी मला म्हणाल्या, "अपना एक लिखने को हात नै उठता."

मी विचारलं की ते "उद्या" म्हणत. बरं, या दोन वर्षांत कुणी पाटी रंगवायला दिली म्हणावी तर तीही नाही. एका मशिदीच्या नळावर 'पाणी जपून वापरा' तेवढं लिहिलं, तेही सवाबाचं, म्हणजे पुण्याचं काम. पण 'मी पेंटर आहे' या वाक्याला पुरावा मागणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं. त्या अर्जात ते वाक्य त्यांना स्वतःच्या हातानं खोडायचं होतं. माणूस कशाकशाला जपतो, सांगता येत नाही. भाभींच्या डोळ्यांत थेंब घालायचे राहत होते आणि हा माणूस एक रकाना जपत होता.

एके दिवशी मधल्या सुट्टीत ते शाळेत आले. एरवी फाटकापाशी थांबायचे, त्या दिवशी थेट शिक्षकखोलीत आले. भाभींना चुलीवरचं पातेलं दिसलं नव्हतं. हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला होता. मैनुभाईंनी तो अर्ज माझ्यासमोर ठेवला.

"तुम्ही लिहा, सर."

मी नाव, वय, पत्ता लिहिला. व्यवसायाशी आलो आणि थांबलो. 'पेंटर (काम बंद)' असं लिहू का, म्हणून विचारलं.

"न्हाई. हे मागायचा कागद हाय."

मी पेन टेकवलं तेवढ्यात त्यांनी माझा हात धरला. पेन घेतलं, कागद स्वतःकडं फिरवला, करंगळी बाहेर काढून टेकवली आणि लिहायला लागले. उभी रेघ जाड, वळण बारीक, दोन्ही शब्दांवर एकच सरळ शिरोरेघ. दुकानाच्या पाटीला लावला असता तेवढा वेळ त्यांनी त्या दोन शब्दांना लावला. सुट्टी संपल्याची घंटा झाली, पोरं वर्गात गेली, तरी ते लिहीतच होते. 'काही नाही' हे शब्द इतक्या देखण्या अक्षरात मी त्याआधी पाहिले नव्हते. वर्गावर जायचं आहे असं सांगून मी उठलो.

अर्ज द्यायला आम्ही दोघं कचेरीत गेलो. निराधारच्या खिडकीवर चिकटपट्टीनं एक कागद लावला होता, 'विनाकारण चौकशी करु नये'. मी तो वाचला आणि मैनुभाईंकडं पाहिलं. त्यांनीही वाचला होता.

खिडकीतला बाबू तरुण होता, बोलायला बरा होता. पानं उलटता उलटता तो थबकला.

"हे छापून आणलंय का?"

"हातानं लिहिलंय," मी म्हणालो.

"कुणी?"

मैनुभाईंनी हात वर केला, वर्गातल्या पोरानं करावा तसा. बाबूनं शेजारच्या टेबलावरच्या बाईंना अर्ज दाखवला. दोघांनी अक्षर पाहिलं. अक्षरात काय लिहिलंय ते कुणी पाहिलं असं वाटलं नाही.

"चाचा, एक काम करा की आमचं," बाबू म्हणाला. "ह्या खिडकीला एक चांगली पाटी रंगवून द्या. हे कागद टिकत नाहीत. रंगाचं आम्ही बघतो."

मैनुभाईंनी त्या कागदाकडं पाहिलं. खिडकीच्या कठड्यावर त्यांचा उजवा हात होता आणि त्याची करंगळी पुढं आली होती. किती वर्षांनी कुणीतरी त्यांना पाटी रंगवायला सांगत होतं. मला वाटलं, हो म्हणतील.

"न्हाई साहेब," ते म्हणाले. "मी काहीच करत न्हाई. तुमच्याच कागदावर लिहिलंय."

बाबूला तो विनोद वाटला. तो हसला आणि त्यानं शिक्का मारला. मग समजावून सांगितलं, मंजूर झालं की वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यायला यायचं, स्वतः यायचं, दुसऱ्याला पाठवायचं नाही.

"मंजी काय द्यायचं?"

"जिवंत आहात म्हणून लिहून द्यायचं, चाचा."

"ते सांगायचा कागद झाला," मैनुभाई माझ्या कानाशी म्हणाले.

जिना उतरताना मी विचारलं, पाटी नको तर नको, निदान त्या कागदावरचा उकार तरी दुरुस्त करायचा, खिशात पेन होतं की.

"ते पेंटरचं काम हाय, सर. मी कोण?"

अर्ज मंजूर झाला. त्या जूनमध्ये संस्थेनं माझी बदली नांदेडला केली. सुरुवातीला ईदला आणि दिवाळीला फोन व्हायचे. मग त्यांचा नंबर लागेनासा झाला. मीही संसाराच्या रगाड्यात होतो, हे कारण खरं आहे आणि अपुरंही आहे.

तिसऱ्या वर्षी एका लग्नासाठी लातूरला गेलो तेव्हा मिलमागं चक्कर मारली. मैनुभाईंच्या दाराला कुलूप होतं. ओट्यावर तुरीची धूळ बसली होती, कुणी टेकल्याच्या खुणा नव्हत्या. सुमनबाई भेटली. आता ती क्लासच्या पोरांच्या मेसमध्ये पोळ्या लाटते. तिनं सांगितलं, भाभी गेल्या, वर्ष होऊन गेलं. चाचा लेकीकडं निलंग्याला गेले. तिकडंच आजारी होते असं कानावर आलं, त्यावर काही खबर नाही.

"हायत का न्हाईत, काय की, सर." मग म्हणाली, "मला अजूनबी कुणी काय करतीस मनून इचारलं की तोंडातनं डाळ निवडते असंच निगतंय. चाचांनी सवय लावलेली."

लग्नाला जायच्या आधी मी कचेरीत गेलो. हयातीच्या दाखल्यांचा महिना होता. दाखला दिलेल्यांच्या यादीत नाव आहे का, एवढंच विचारायचं होतं. नसेल तर काय समजायचं, तेही मी रिक्षात ठरवून ठेवलं होतं. खिडकीत बाबू दुसरा होता. कागदही नवा होता, पांढरा कोरा, वर चालू महिन्याचं नाव. 'हयातीचे दाखले याच महिन्यात स्वीकारले जातील. विनाकारण चौकशी करु नये.' छापणाऱ्यानं जुनी चूक इमानेइतबारे पुढं चालवली होती.

पण त्या 'रु'ला कुणीतरी निळ्या पेननं हात लावला होता. वळण बारीक, शेवट जाड, ओळीखाली छानसं सोडलेलं. उकार पाय पसरून बसला होता.

"काय पाहिजे?" बाबूनं विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो आणि रांगेतून बाहेर आलो.